सोनाबाईच्या तोंडचं ‘मज’

अक्का,

कंपनीचं उत्तर आलं. तुझ्या तेराव्याच्या आदल्या दिवशी सकाळी, मागच्या दारी आचारी पडवळ चिरत बसले होते तेव्हा, तुझ्या फोनवर. ‘प्रिय शांता, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे,’ अशी सुरुवात. तू पाच पत्रं लिहिलीस, पाचांना मिळून हे एक उत्तर. वाचकांच्या पत्रांचं पान आता कंपनीच्या धोरणात बसत नाही. जुने अंक टप्प्याटप्प्याने येतील. आणि सगळ्यांत खाली सोनाबाईच्या मराठीबद्दल दोन ओळी: ते संवाद कंपनीने बदललेले नाहीत, तुमच्याच कुटुंबातल्या भाषा-सल्लागारांनी जसे पाठवले तसेच छापले आहेत. पुढे माझं नाव.

हे वाचायच्या आत तू गेलीस, याचं त्या क्षणी मला बरं वाटलं. ते आधी लिहून टाकतो. बाकीचं सगळं त्याच्यामागून येतं.

हेही मी पुण्याच्या मराठीत लिहितोय. हाताला तीच सवय आहे. आपल्या घरातली मराठी, तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेल्यांनी बरोबर आणलेली आणि मग इथेच तमिळच्या शेजारी मुरलेली, मला ऐकता येते, बोलता येते, लिहायला गेलं की बोटं थांबतात. तुला उलटं. तुला देवनागरी अडखळत यायची, पण तीच मराठी तू तमिळ अक्षरांत भरभर लिहायचीस. त आणि द ला एकच अक्षर, क आणि ग ला एकच, तरी तुझं कधी अडलं नाही.

तुंबी कॉमिक्स आपल्या घरात तू आणलंस. तुंबी म्हणजे चतुर, तळ्यावर उडणारा. दिंडुक्कलच्या एका छापखान्यातून महिन्याला एक अंक निघायचा आणि बसस्टँडवरच्या दुकानात दोरीला लटकायचा. त्याचा नायक सुक्कान सुंदरम्, खाडीत होडी चालवणारा, अनवाणी, कमी बोलणारा. सुक्कान म्हणजे आपलं सुकाणूच. आईला तमिळ वाचता येत नव्हतं. ती दुपारी ताक घुसळत बसायची आणि तू समोर बसून चित्रातलं तमिळ तिथल्या तिथे मराठी करून सांगायचीस. आई मध्ये मध्ये बोलायची. चोर कसा मूर्ख आहे, शिपाई कसा झोपाळू आहे, त्या पेटीचं कुलूप कुठल्या बाजूने उघडलं असतं. मी शेजारी लोळत असायचो. मला गोष्टीपेक्षा आईचं बोलणं जास्त आवडायचं, आणि तुलाही. फरक एवढाच की तू ते लिहून ठेवलंस.

तू दहावीत असताना तुंबीने वाचकांना विचारलं होतं, सुंदरम्‌ला साथीदार कोण हवा ते कळवा. तू सोनाबाई पाठवलीस. राजवाड्याची कुलपं दुरुस्त करणाऱ्या घराण्यातली म्हातारी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, सुंदरम्‌लाही न घाबरणारी. आणि ती बोलणार तमिळ नाही, आपली मराठी. संपादकांना ते इतकं आवडलं की त्यांनी तिला पुढच्याच गोष्टीत घेतलं. पहिल्या चित्रात ती कुलपाला कान लावून उभी आहे आणि म्हणते, “मज किल्ली नको. मज कुलुपाशीं बोलूं दे.” तमिळ अक्षरांत मराठी, खाली बारीक टायपात तमिळ अर्थ. फक्त तुझं नाव त्यांनी सांतन असं छापलं, कुंभकोणमचा कोणी मुलगा समजून. तू त्याच दिवशी कार्ड टाकलंस. पुढच्या अंकात संपादकांनी चार ओळींची माफी मागितली, आणि त्यानंतर ज्या ज्या अंकात सोनाबाई आली त्याच्या शेवटच्या पानावर छापत राहिले: सोनाबाईचं बोलणं, शांता, कुंभकोणम.

पुढे तुला आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात नोकरी लागली. सकाळच्या पॅसेंजरने जायचं, संध्याकाळी यायचं. प्रयोगशाळेत दाण्यांची लांबी मोजायची आणि गाडीत सोनाबाईचं बोलणं लिहायचं. संपादकांचं कार्ड यायचं. त्यांना सगळे वाचक आसिरियर, म्हणजे गुरुजी, म्हणायचे, तूही. ते लिहायचे, म्हातारी विहिरीत उतरली आहे, वर सुंदरम् घाबरलाय, काय म्हणेल? तू उलट टपाली कळवायचीस. चाळीसेक वर्षं हे चाललं. कधी भेट नाही, कधी फोन नाही. तिरुनेलवेलीचा कोणी वाचक तुला पहिल्यांदा भेटला तेव्हा हात जोडून म्हणाला, “काय हो, जेवलांत कीं?” त्याला तेवढंच मराठी येत होतं, सोनाबाईचं. तू ते मला फोनवर सांगितलंस आणि हसत हसत रडलीस. मी म्हटलं, छान. आणि परीक्षेचे पेपर तपासायचे राहिलेत म्हणून फोन ठेवला.

मी तेव्हा पुण्यात होतो, पॉलिटेक्निकमध्ये शिकवत. तिथल्या पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत मी म्हणालो होतो, “मज चहा नको.” खोली हसली. वाईट नव्हती माणसं. पण पुढे वर्षभर मला कोणी चहा विचारला की पाठोपाठ ‘मज’ यायचं, हात जोडून, कीर्तनकारासारखं. मी एकेक शब्द काढून टाकत गेलो, दाढी करावी तसं, रोज. मज, तुज, कोठें, सांगाया. सुधाशी लग्न झालं तोवर तिला कळतही नव्हतं की मी बाहेरचा आहे. मग सुट्टीत इथे आलो की तू ओसरीवरून ओरडायचीस, “हा पुण्याचा साहेब कोण आला?” मला राग यायचा. फोनवर मी म्हणायचो, मला वेळ नाही. तू म्हणायचीस, “तुज वेळ नाहीं, कीं मज सांगाया नाहीं?” यावर आपण किती वेळा भांडलो. तुझं म्हणणं, मी लाजतो. माझं म्हणणं, तुला ऐकून कोणी कधी हसलं नाही म्हणून तुला परवडतं. हे भांडण तसंच राहिलं. आता मला वाटतं, दोघांचंही बरोबर होतं, आणि तेही तुला सांगून काही उपयोग नाही.

निवृत्त होऊन सुधा आणि मी इथे परत आलो त्याच वर्षी तुंबी विकलं गेलं. आसिरियर थकले होते, त्यांच्या मुलींना छापखाना नको होता. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने घेतलं, टीव्हीच्या वाहिन्या, सिनेमे, फोनवरचं अॅप असं सगळं असलेल्या. बातमी तुमच्या वाचकांच्या व्हॉट्सअॅप गटावर सकाळी आली आणि दिवसभर तुझा फोन थांबला नाही. कोणी म्हणे सुंदरम्‌ला मुंबईला नेतील. कोणी म्हणे तुंबीचा कागद बदलतील, तो वास जाईल. सेलमच्या एका डॉक्टरने जुने अंक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले. नाचियार्कोविलचा मुरुगेसन, पितळेच्या समया ओतणारा, साच्याच्या मातीने भरलेल्या हातानेच, बोलून संदेश पाठवायचा. तो एवढंच म्हणाला, आता सुंदरम्‌ला बूट घालतील बघा.

तू मात्र शांत. गटावर सगळ्यांना समजावत होतीस की आसिरियरांनंतर तुंबी बंदच पडणार होतं, त्यापेक्षा हे बरं. इडली आणि कडप्पा पुढ्यात घेऊन, बटाट्याच्या त्या पातळ रश्शात बोट बुडवत मला म्हणालीस, मोठ्या कंपनीत शिकलेली माणसं असतात, त्यांना जपायचं कळतं. मी तुला वेडी म्हटलं. त्यांनी नाव घेतलंय, गोष्टी नाही, असं काहीतरी बोललो. तू दोन दिवस बोलली नाहीस. तुझा भाबडेपणा मला सहन होत नव्हता, अक्का. मी कंपन्यांबद्दल बरोबर ठरलो, आणि त्याचा मला जो आनंद झाला तो आठवला की अजून तोंड कडू होतं.

कारण झालं तसंच. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर सुंदरम्‌ला बूट होते, काळे, गुडघ्यापर्यंत. होडीच्या जागी मोटरबोट. पत्रांचं पान गेलं. जुने अंक दुकानांतून परत बोलावले आणि अॅपवर आले नाहीत. सोनाबाईच्या जुन्या गोष्टी नव्याने छापल्या, त्यात शेवटच्या पानावरची तुझी ओळ नव्हती. तू चष्मा लावून ते पान उलटसुलट केलंस. मग म्हणालीस, जागा कमी पडली असेल. एवढंच. आसिरियरांना फोन लावलास, त्यांच्या मुलीने उचलला. करारात तुझं नाव कुठेच नव्हतं, आणि तुझी सगळी कार्डं, अंतर्देशीय पत्रं, कपाटासकट कंपनीच्या गोदामात गेली होती. कुठल्या गोदामात, ते तिला माहीत नव्हतं.

तरी तू थांबून राहिलीस, कारण मराठी आवृत्ती येणार होती. सोनाबाई महाराष्ट्रात वाचली जाणार. आपली बोली तिकडे परत जाणार, असं तू म्हणालीस, आणि मी या वेळी चेष्टा केली नाही.

कंपनीतून मृणाल नावाच्या मुलीचा फोन आला. सोनाबाईचे मूळ शब्द देवनागरीत हवेत, तमिळ अक्षरांवरून त्यांना लागत नाहीत. तू सोनाबाईचं सगळं बोलणं उतरवलेली तुझी वही काढलीस आणि मला बसवलंस. “मी सांगतें, तू लिव्ह.” आठ दिवस रोज सकाळी आपण दोघं ओसरीवर बसलो. तू वाचायचीस, आईसारखी मान हलवत, मी लिहायचो. इतके तास आपण लहानपणानंतर कधी एकत्र बसलो नव्हतो. ते आठ दिवस चांगले होते. मी ते नंतर खराब केले म्हणून वाईट होत नाहीत.

मी सगळं पाठवलं. तीन दिवसांनी मृणालची मेल आली. फार गोड मेल. संवाद अप्रतिम आहेत, पण आजच्या वाचकाला काही रूपं जुनाट वाटतील, ‘मज’ वाचून लोकांना अभंग आठवतील, थोडं सहज करता येईल का, तुम्हीच केलंत तर उत्तम. मी ती मेल वाचली आणि मला शिक्षकांची ती खोली आठवली. सोनाबाई बोलते आहे आणि सगळे हसताहेत. मला वाटलं, तिला त्यातून वाचवावं. एका दुपारी तू झोपलेली असताना मी सगळ्या पानांवरून हात फिरवला. मज चं मला. कोठें चं कुठे. ‘मज किल्ली नको, मज कुलुपाशीं बोलूं दे’ याचं केलं, ‘मला किल्लीची गरज नाही, मला जरा कुलपाशी बोलू दे.’ छान सफाईदार. मृणालने मनापासून आभार मानले.

तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही.

पुस्तक आलं तेव्हा तू मला मोठ्याने वाचायला सांगितलंस, देवनागरी तुला लवकर लागत नाही म्हणून. मी वाचायला लागलो. दुसऱ्या पानावर तू हात वर केलास.

“ही कोण बोल्ती, गुंडू?”

“सोनाबाई.”

“किल्लीची गरज नाही?” तू म्हणालीस. “ही कोणी बँकेतली बाई. ही आई नव्हे.”

मी पान उलटलं. तू म्हणालीस, तू असं लिव्हलं नव्हतंस, मी ऐकलंय. मी म्हणालो, कंपनीने बदललं असेल. सुधा आत कपड्यांच्या घड्या करत होती, तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तुला ते दिसलं नाही.

मग तू पेटलीस. बूट चालले, पान गेलेलं चाललं, नाव गेलेलं चाललं, पण हे नाही. कंपनीला पत्रं लिहिलीस, एकामागून एक, तमिळमध्ये, स्वच्छ अक्षरात, आणि ती मी टायपून पाठवली, मी. गटावर लिहिलंस की त्यांनी माझ्या आईची बोली मारली. गटाने ते उचलून धरलं. ज्यांना मराठीचा एक शब्द कळत नाही ती तिरुनेलवेली-सेलमची माणसं कंपनीला ‘मज’ परत द्या म्हणून लिहू लागली. मी रोज ते वाचत होतो. सुधा म्हणाली, “अक्कांना सांगून टाका. चार दिवस बोलणार नाहीत, मग बोलतील.” मी म्हटलं, दीपावली होऊन जाऊ दे. दीपावली झाली. म्हटलं, पोंगल. तुझं माझ्याशी इतकं चांगलं चाललं होतं त्या दिवसांत. कंपनीविरुद्ध आपण दोघं एका बाजूला होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्या बाजूचा होतो, आणि ते मला सोडवेना.

मग ताप आणि धाप लागून तुला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं; तिसऱ्या दिवशी ताप उतरला होता. ऑक्सिजनची नळी नाकात, तरी तू विचारलंस, “कंपनीचा कागद आला कीं?” मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, “येईल. वाचतील ते. वाचल्यावर कळतंय माणसास.” तू माझ्या हातावर हात ठेवलास. तेव्हा मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो, तोंड उघडलं होतं. नर्स आली, म्हणाली बाहेर थांबा, आणि मी उठलो. मला हायसं वाटलं, अक्का. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिलो आणि मला हायसं वाटत होतं. संध्याकाळी तुला परत धाप लागली, ती थांबली नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी गटातली माणसं आली, वीसेक असतील. घरात मावेनात, ओसरी भरून अंगणात बसली. प्रत्येकाने तुझ्या आवडीचा एकेक अंक आणला होता. तू मला कधी सांगितलं नव्हतंस की तू सेलमच्या डॉक्टरच्या मुलीला दहावीचं गणित फोनवर शिकवलंस. तिनेच ते सांगितलं. कॉफी झाल्यावर मुरुगेसनने एक कागद काढला. कंपनीला द्यायचं निवेदन. पत्रांचं पान परत, जुने अंक परत, शांता अक्कांचं नाव परत, आणि सगळ्यांत वर, जाड अक्षरात: कंपनीने सोनाबाईच्या मराठीची केलेली मोडतोड. सगळ्यांची सही झाली होती. पहिली जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. तुझा भाऊ म्हणून.

त्यांनी पेन पुढे केलं. कंपनीचं उत्तर माझ्या खिशातल्या तुझ्या फोनमध्येच होतं, कोणाला माहीत नव्हतं. सही करून टाकली असती तर कधी कळलंही नसतं. मी उभा राहिलो आणि तमिळमध्ये सांगितलं, ते कंपनीने केलेलं नाही. मी केलं. का केलं तेही सांगितलं, चहाचंही सांगितलं. ते सांगायला नको होतं, सबब वाटली. तिरुनेलवेलीचा तो, जेवलांत कीं म्हणणारा, उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. मला त्याचा राग आला नाही.

मुरुगेसनने विचारलं, “अक्कांना ठाऊक होतं?”

“नाही.”

त्याने कागद स्वतःकडे ओढला. मग त्याने वरची जाड ओळ पेनाने सरळ खोडली आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

“हे तुमचं, तुम्ही निस्तरा,” तो म्हणाला. “खालचं त्यांचं आहे. त्यावर सही करा.”

मी केली. जाताना प्रत्येकजण तुझ्या फोटोला हात जोडून गेला, माझ्याशी फार कोणी बोललं नाही. डॉक्टर म्हणाले, बस सुटेल. सुंदरपेरुमाळ कोयिल गावच्या एका बाईने मात्र जाताना विचारलं, वही सुरक्षित आहे ना. मी हो म्हटलं.

मग पुण्याहून आणलेलं खोकं माळ्यावरून काढलं. तू मला दर महिन्याला तुंबीचा अंक पाठवायचीस, तपकिरी कागदात गुंडाळून. पहिली दोन-तीन वर्षं मी उघडले. पुढचे तसेच खोक्यात गेले, एकामागून एक, न फोडलेले. टाकले नाहीत, उघडलेही नाहीत. गेल्या आठवड्यात एकेक फोडत गेलो. सोनाबाईच्या काही वाक्यांपाशी तू पेन्सिलने खूण केली होतीस आणि समासात लिहिलं होतंस, हे तुझं. एका अंकात सोनाबाई ढगाकडे बघून म्हणते, पाऊस आला तर मज काय, मी तर भिजलेंच. ते मी म्हणालो होतो, सहा वर्षांचा असताना, तळ्यात पडून घरी आल्यावर. मला आठवत नव्हतं. त्यात आईच नव्हती फक्त, मीही होतो, आणि मी ते सगळं सफाईदार करून टाकलं. इतकी वर्षं तू वाट बघत होतीस की मी फोनवर म्हणेन, अक्का, बघितलं. एकदाही विचारलं नाहीस. का नाही विचारलंस? तू सगळ्या जगाला पत्रं लिहायचीस, मला एक लिहायला काय झालं होतं?

रागावतोय मी तुझ्यावर. असू दे.

मृणालला फोन केला, सगळं सांगितलं, वहीतले मूळ शब्द परत पाठवले. ती मनाने वाईट नाही. तिला खरंच वाईट वाटलं, तू गेल्याचंही. अॅपवरचे शब्द चार दिवसांत बदलले. छापील पुस्तक बदलणार नाही, प्रती निघून गेल्या. नावाचं विचारलं तर म्हणाली, सर, तो कायदेशीर विभाग. कायदेशीर विभागाने मला एक फॉर्म पाठवला. त्यात विचारलंय, दावा करणाऱ्या व्यक्तीशी आपला संबंध काय, आणि त्या व्यक्तीची सही जोडा. मी त्यांना लिहिलं की ती व्यक्ती वारली. त्यांचं उत्तर आलं, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. निवेदनालाही तेच उत्तर आलं, मुरुगेसनने गटावर टाकलं, खाली काही न लिहिता. गटावर मला अजून ठेवलंय. का ते त्यांनी सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही.

आणि आता मृणालचं नवीन. सोनाबाईची नवी गोष्ट येते आहे. चित्रं झाली आहेत. म्हातारी समुद्रातून काढलेली पेटी उघडते, आत काही नाही. काय म्हणेल? मी तिला सांगितलं, जिला ठाऊक होतं ती गेली, त्या चित्रात सोनाबाईला गप्प ठेवा. ती म्हणाली, तसं चालणार नाही सर, मग आमच्याकडचं कोणीतरी लिहील. म्हणजे एक तर त्यांनी लिहायचं, नाहीतर मी. दोन्ही वाईट. मी दोन दिवस वही घेऊन ओसरीवर बसलो. तुला उलट टपाली कसं सुचायचं? मला आईचा आवाज आठवतो, पण ती बोलत नाही, मीच तिला बोलायला लावतो आणि ते ऐकू येतं.

शेवटी काल पाठवलं. ‘मज ठाऊक होतं.’ एवढंच.

आज सकाळी कॉफी घेताना कळलं, चुकलं. सोनाबाईला ठाऊक असतं तर तिने पेटी उघडायच्या आधीच सगळ्यांना तोंडावर सांगितलं असतं. ठाऊक असून गप्प बसणारा मी. लगेच फोन केला. मृणाल म्हणाली, पान छापायला गेलं.

पुढच्या गोष्टीत म्हातारी तीन ठिकाणी बोलते, चित्रं सोमवारी येतील. मीच लिहिणार आहे, अक्का, आणि वाईट लिहीन, मला माहीत आहे. पण वहीत जे तुझं आहे ते यापुढे कोणाला खोडू देणार नाही. मलासुद्धा नाही.